स्थानाधारित मोबाइल सेवा आणि सर्वसामान्य ग्राहक: क्षेत्रकामातील काही निरीक्षणे

मोबाइल फोन या क्षणी कोठे आहे हे ओळखून त्या माहितीच्या आधारे जी सेवा पुरवली जाते, तिला स्थानाधारित सेवा म्हणतात. रस्ता दाखवणारा नकाशा, दारात येऊन थांबणारी रिक्षा, वीज पडण्याचा इशारा आणि बांधावर उभे राहून केलेली पिकाची नोंद ही सर्व तिचीच रूपे आहेत. अशा सेवांना कोट्यवधी ग्राहक मिळतील, हे भाकीत पंचवीस वर्षांपूर्वीच केले गेले होते आणि ते खरेही ठरले. मात्र भाकीत करणाऱ्यांनी जी वाट आखली होती, तिच्यापेक्षा अगदी वेगळ्या वाटेने ही बाजारपेठ उभी राहिली. प्रस्तुत लेखनामागे नकाशासाठी गल्लोगल्ली पाहणी करणे, दुकानांची व वस्त्यांची नावे नोंदवणे आणि या सेवा वापरणाऱ्यांच्या अडचणी समजून घेणे या कामाचा अनुभव आहे. त्या अनुभवातून एकच निष्कर्ष पुनःपुन्हा समोर येतो: स्वतःचे स्थान उघड करणाऱ्या माणसाला त्या बदल्यात त्याच्याच रोजच्या कामात उपयोग झाला, तेथे ही सेवा रुजली, जेथे उपयोग प्रामुख्याने दुसऱ्याचा होता, तेथे ती उत्तम तंत्र असूनही रुजली नाही.

या निष्कर्षाकडे येण्यापूर्वी तंत्राची थोडी ओळख आवश्यक आहे. जीपीएस या अमेरिकी व्यवस्थेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला हे मोजून ग्राहक यंत्र स्वतःचे स्थान काढते, आणि या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. नागरी वापरासाठीच्या संकेतांमध्ये हेतुतः ठेवलेली त्रुटी अमेरिकी सरकारने मे २००० च्या प्रारंभी काढून टाकली, आणि पूर्वी शंभर मीटरच्या आसपास असलेली अनिश्चितता एकाएकी दहा-वीस मीटरवर आली. तथापि त्या काळच्या फोनमध्ये जीपीएसची चिप क्वचितच असे. जी असे ती बॅटरी लवकर संपवी, आणि घरात किंवा उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संकेत नीट मिळत नसत. याउलट फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे मोबाइल कंपनीला मुळातच ठाऊक असावे लागते, कारण त्याशिवाय आलेला कॉल त्या फोनपर्यंत पोहोचवताच येत नाही. टॉवरवरून कळणारे हे स्थान शहरात काहीशे मीटरपर्यंत, तर विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात काही किलोमीटरपर्यंत ढोबळ असते. पुढे ए-जीपीएस ही जोड पद्धत आली, जिच्यात उपग्रहांच्या कक्षांची माहिती उपग्रहाकडून सावकाश मिळण्याची वाट न पाहता ती मोबाइल जाळ्यातून फोनला पुरवली जाते आणि स्थान काही सेकंदांत निश्चित होते.

या क्षेत्रात पहिली मोठी गुंतवणूक झाली, ती ग्राहकाच्या मागणीमुळे झाली नव्हती. अमेरिकेत मोबाइलवरून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर बोलणारा माणूस कोठे आहे हे कंपन्यांनी कळवले पाहिजे, असा आदेश तेथील दूरसंचार नियामकाने १९९६ मध्ये दिला. त्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च भरून निघावा म्हणून व्यापारी उपयोगांचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधातून सर्वाधिक चर्चिली गेलेली कल्पना अशी होती की ग्राहक एखाद्या दुकानावरून चालत जात असताना त्याच्या फोनवर त्या दुकानाच्या सवलतीचा संदेश यावा. दुकानदाराच्या बाजूने पाहता ही कल्पना आकर्षक होती, आणि नकाशासाठी दुकानांची नोंदणी करत फिरणाऱ्यांना दुकानदार आजही हीच विचारणा प्रथम करतात. परंतु घाईने कामावर निघालेल्या माणसाला न मागितलेला संदेश अडथळाच वाटतो, आणि आपण कोठून चाललो आहोत हे कोणाला तरी कळते आहे ही जाणीव त्याला अस्वस्थ करते. दुसरी कल्पना मित्रांच्या भेटीगाठींची होती. डेनिस क्राउली यांचे डॉजबॉल हे एसएमएसवर चालणारे साधन गूगलने २००५ मध्ये विकत घेतले आणि २००९ मध्ये बंद केले. त्याच वर्षी क्राउली यांनी फोरस्क्वेअर सुरू केले, ज्यात माणूस एखाद्या ठिकाणी पोहोचल्यावर तेथे आपली हजेरी नोंदवी. काही काळ त्याचा मोठा बोलबाला झाला, पण २०१४ मध्ये कंपनीने हजेरीचा हा भाग मूळ सेवेपासून वेगळा काढला. हजेरी देणे हा खेळ होता आणि खेळाची हौस ओसरली की तो थांबतो, तर स्थानाची गरज मात्र रोज नव्याने उभी राहते.

भारतात याच काळात कोणी फारसे भाकीत न करता दोन स्थानाधारित सेवा सर्वसामान्यांच्या हाती आल्या होत्या. पहिली म्हणजे साध्या फोनच्या पडद्यावर दिसणारे परिसराचे नाव. 'सेल इन्फो' हा पर्याय चालू करून ०५० हा क्रमांक भरला की जवळच्या टॉवरवरून प्रसारित होणारे नाव पडद्यावर उमटे. दुसरी म्हणजे आपल्या दूरसंचार परिमंडळाबाहेर पाऊल टाकताच येणारा स्वागताचा संदेश. मुंबईचे परिमंडळ वेगळे आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे एक, अशी विभागणी असल्याने मुंबईहून गावी निघालेल्या माणसाला हा संदेश म्हणजे दराचा इशाराच असे. या दोन्ही सेवांत नकाशा नव्हता आणि अचूकताही नव्हती, तरीही लोकांना त्या समजल्या, कारण स्थानाविषयीचा प्रश्न लोक एकमेकांना आधीपासून विचारतच होते. 'कुठवर आलास?' हा मोबाइलवरील संभाषणातील अत्यंत नेहमीचा प्रश्न आहे, आणि ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा ही रीत म्हणजे लोकांनी स्वतःच उभी केलेली स्थानसूचना होती. बाजारपेठेचा अंदाज बांधणाऱ्यांनी हा प्रश्न कोण कोणाला आणि कशासाठी विचारतो याची नोंद केली असती, तर सवलतीच्या संदेशांपेक्षा वाट पाहणाऱ्या माणसाकडे त्यांचे लक्ष आधी गेले असते.

रेल्वेच्या प्रवासात हे विशेष स्पष्ट दिसते. मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक खिशात आणणारे एम-इंडिकेटर हे ॲप २०१० मध्ये आले, तेव्हा त्याचा गाभा वेळापत्रक हाच होता. लांब पल्ल्याच्या प्रवाशांसाठी आलेल्या 'व्हेअर इज माय ट्रेन' या ॲपने त्यापुढचे पाऊल टाकले. गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या फोनला जे टॉवर क्रमाने दिसत जातात, त्यांवरून गाडी कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये आहे हे ते ओळखते, आणि त्यासाठी इंटरनेट किंवा जीपीएस यांची गरज राहत नाही. हे ॲप घडवणारी भारतीय कंपनी गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये घेतली. रेल्वेमार्ग आधीच ठरलेला असल्यामुळे टॉवरचे ढोबळ स्थानही येथे पुरेसे ठरते, आणि मध्यरात्री आपले स्थानक किती दूर आहे हे जाणू इच्छिणाऱ्या प्रवाशाला नेमका तेवढाच तपशील हवा असतो. या कामातील माणसाने येथून शिकायचे ते हे की आवश्यक अचूकता प्रश्नावरून ठरते. सर्वाधिक अचूक असलेली सेवा सर्वाधिक उपयोगी असेलच असे नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न पत्त्याचा आहे. जपानमध्ये केडीडीआय या कंपनीने २००३ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी फोनवर मार्गदर्शन सुरू केले आणि ते लोकप्रिय झाले. तेथे बहुसंख्य पत्ते रस्त्याच्या नावाऐवजी भागाच्या व खंडाच्या क्रमांकांवर आधारलेले असतात, त्यामुळे नवख्या माणसाला केवळ पत्त्यावरून घर सापडणे कठीण जाते. महाराष्ट्रातील पत्त्यांची अडचण वेगळी असली, तरी तिची तीव्रता तशीच आहे. पुण्याच्या पेठांमध्ये पत्ता सांगितला जातो तो पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा अशा देवळांच्या आधाराने. ज्या चौकाचे अधिकृत नाव टिळक चौक आहे, त्याला रिक्षावाला व गिऱ्हाईक दोघेही अलका चौक म्हणतात. आणि मुंबईत माहेश्वरी उद्यान असा फलक असूनही लोकांच्या तोंडी किंग्ज सर्कलच असते. अक्षांश-रेखांश, म्हणजे विषुववृत्तापासून व मूळ रेखावृत्तापासूनचे कोनात्मक अंतर, फोनला अचूक कळले, तरी पलीकडच्या माणसाला ते आकडे काहीच सांगत नाहीत. त्या आकड्यांना लोकांच्या तोंडचे नाव जोडले गेले, तरच सेवा उपयोगी पडते.

हे नाव जोडण्याचे काम उपग्रहावरून होत नाही. पाहणीला निघालेला कार्यकर्ता चालत किंवा दुचाकीवरून गल्लीत शिरतो, फलकांची छायाचित्रे घेतो, प्रवेशद्वार नेमके कोणत्या बाजूला आहे हे पाहतो, आणि पानाच्या टपरीवर किंवा इस्त्रीवाल्याकडे विचारून परिसराचे चालते नाव नोंदवतो. कारण पोस्टमन, इस्त्रीवाला आणि दूधवाला यांच्याइतका तो परिसर दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. इमारतीचे स्थान बरोबर असूनही फाटक मागच्या रस्त्यावर असेल, तर येणारी गाडी भिंतीपाशी येऊन थांबते. उड्डाणपुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात, त्यामुळे वळण कोठे घ्यायचे हे सांगताना यंत्र चुकते. कोकणात एका महसुली गावाच्या अनेक वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात आणि गावाच्या नावावर ठेवलेला एकच बिंदू पाहुण्याला भलत्याच वाडीत नेऊन सोडतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तेव्हापासून नाव नोंदवणाऱ्याची जबाबदारी आणखी वाढली. कारण जुने नाव शोधणाऱ्या माणसाला वस्ती सापडली पाहिजे, आणि त्याच वेळी तेथे राहणाऱ्यांचा मान राखणारे नवे नाव नकाशावर ठळक दिसले पाहिजे. भाषेचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. नकाशावरील स्थळांची नावे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिपींत दाखवण्याची सुधारित सोय गूगलने जानेवारी २०२१ मध्ये आणली, आणि इंग्रजी स्पेलिंगच्या भीतीने नकाशापासून दूर राहिलेल्या वर्गासाठी तिचे महत्त्व मोठे होते.

सर्वसामान्यांपर्यंत या सेवा पोहोचण्याचा वेग वाढला तो सप्टेंबर २०१६ नंतर, म्हणजे जिओच्या आगमनाने डेटाचे दर कोसळल्यानंतर. ओला आणि उबर त्याआधीच शहरांत स्थिरावल्या होत्या, जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्या वाढत होत्या. आता त्यांचा ग्राहक आणि त्यांचा कामगार असे दोघेही स्वस्त स्मार्टफोन बाळगू लागले. २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर चालते स्थान पाठवण्याची सोय आली आणि त्याच वर्षअखेरीस गूगलने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सुविधा प्रथम भारतात सुरू केली. या टप्प्यावर स्थान ही पत्त्याला पर्यायी वस्तू बनली. तथापि या यशातील एका मोठ्या वाट्याची दखल घेतली जात नाही, तो म्हणजे माल पोहोचवणाऱ्या मुलांचा. नकाशावरील खूण चुकीच्या जागी असेल तर ते फोन करून विचारतात, जिने चढतात, खरे दार शोधतात, आणि त्यांच्या रोजच्या ये-जा करण्यातून कंपनीच्या नकाशात योग्य दार नोंदले जाते. त्यांचे स्थान क्षणोक्षणी कंपनीला व ग्राहकाला दिसत असते, उशीर झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, आणि त्यांच्या श्रमातून सुधारलेल्या नकाशाचा मोबदला मात्र त्यांना वेगळा मिळत नाही. स्थान देणाऱ्याला त्याचा लाभ मिळावा, हे तत्त्व येथे अर्ध्यावरच थांबले आहे, आणि या क्षेत्राच्या भविष्याचा विचार करताना हा अन्याय दूर करणे ही पहिली गरज मानली पाहिजे.

ग्रामीण महाराष्ट्रात या तत्त्वाची कसोटी पाहणारा मोठा प्रयोग म्हणजे ई-पीक पाहणी. गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद करण्याचे काम पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरील ॲपमधून, शेतातल्या पिकाचे छायाचित्र जोडून करावी अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि ॲपच्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे स्थान आधीच भरलेले असल्यामुळे छायाचित्र त्या गटापासून किती अंतरावर घेतले गेले हे शेतकऱ्याला दिसते व तो दूर असल्यास तशी सूचना मिळते. नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाने खरेदी यांसाठी सातबाऱ्यावरील पीकनोंद महत्त्वाची असल्याने स्थान देण्यामागे शेतकऱ्याचा प्रत्यक्ष लाभ आहे, आणि म्हणूनच ज्यांनी नकाशाचे ॲप कधी उघडले नव्हते, अशा असंख्य लोकांनी ही स्थानाधारित सेवा वापरली. अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. शिवारात अनेकदा नेटवर्क नसते, त्यामुळे माहिती तेथे भरून वाडीवर किंवा रस्त्यावर आल्यावर ती पाठवावी लागते. फोन जुना असेल तर स्थान मिळण्यास वेळ लागतो. भावाभावांत प्रत्यक्ष वाटणी झालेली असते पण पोटहिस्सा नकाशावर वेगळा दाखवलेला नसतो. आणि लांबट आकाराच्या गटात मध्यबिंदूपासूनचे अंतर स्वतःच्याच बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही दूरचे वाटायला लावते. अशा वेळी गावातील शिकलेली मुले शेजाऱ्यांच्या नोंदी करून देतात. सर्वसामान्यांसाठीची सेवा आखणाऱ्याने या मदतनिसाला व्यवस्थेचाच एक भाग मानून त्याच्यासाठी सोय केली पाहिजे, कारण फोन एकाचा, जमीन दुसऱ्याची आणि माहिती तिसऱ्याची, ही खेड्यातील नित्याची स्थिती आहे.

जिवाशी निगडित सेवांमध्ये तर लाभाविषयी शंकाच राहत नाही. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांची नोंद घेणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर आधारलेले 'दामिनी' हे ॲप विकसित केले असून ते फोनधारकाच्या भोवतालच्या २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजेच्या धोक्याची सूचना देते. मराठवाड्यात व विदर्भात वळवाच्या पावसाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात शेतावर असणाऱ्या माणसांसाठी ही काही मिनिटांची आगाऊ सूचना जीव वाचवणारी आहे. मात्र तिचा उपयोग व्हायचा तर ॲप आधीपासून फोनवर असले पाहिजे, आणि झाडाखाली आश्रय घेऊ नये एवढे ज्ञान सूचना वाचणाऱ्याला असले पाहिजे. ११२ या क्रमांकावर मदत मागणाऱ्याच्या बाबतीतही हेच आहे. घाबरलेल्या माणसाला पत्ता नीट सांगता येत नाही, आणि महामार्गावर अपघात पाहणाऱ्याला आपण कोणत्या गावाच्या हद्दीत आहोत हे माहीत नसते, त्यामुळे फोननेच स्थान कळवणे हा सोयीचा नव्हे, जगण्याचा प्रश्न ठरतो.

लाभाची ही बाजू जितकी उजळ, तितकीच धोक्याची बाजू गंभीर आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या, आणि नावे काढून टाकलेली असतानाही स्थळ व वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के व्यक्तींना इतरांपासून वेगळे ओळखण्यास पुरेसे आहेत, असे दिसून आले. माणूस रात्री कोठे असतो आणि दिवसा कोठे जातो एवढ्यावरून त्याचे घर, काम, दवाखाना आणि श्रद्धास्थान उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. परंतु फोनवर येणाऱ्या परवानगीच्या चौकटीवर न वाचता बोट ठेवणारा माणूस जाणीवपूर्वक संमती देतो असे म्हणता येत नाही. आणि घरातील स्त्रीच्या फोनचे स्थान इतरांनी सतत पाहावे अशी सोय सुरक्षिततेच्या नावाने वापरली जाते, तेव्हा संमतीचा प्रश्न अधिकच बिकट होतो. या संदर्भात जुन्या सेवांकडे पुन्हा पाहणे उपयुक्त आहे. 'सेल इन्फो' ज्या तत्त्वावर चाले, त्यात टॉवर आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकच संदेश देतो आणि कोणता फोन कोणाचा याची नोंद ठेवण्याची गरज पडत नाही. २०२३ मध्ये देशभर चाचणी घेतलेली आपत्तीच्या इशाऱ्याची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. टॉवर ओळखून गाडीचे स्थान सांगणारे साधनही आपले मुख्य काम फोनच्या आतच करू शकते. म्हणजे स्थानाधारित सेवा द्यायची तर ग्राहकाचे स्थान साठवलेच पाहिजे, ही अपरिहार्यता नाही. तो रचनाकाराने घेतलेला निर्णय असतो, आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही रचनाकारावरच येते.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे स्थानिक पातळीवर, तालुक्याच्या गरजेपुरते, तेथील नावांनी व भाषेत चालणारे नकाशे आणि सेवा उभारणे आता कायद्याच्या दृष्टीने सुलभ आहे. ग्रामपंचायत, बाजार समिती, एसटीचे आगार आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना जोडणाऱ्या सेवांना मोठा वाव आहे: येणारी एसटी कोठवर आली, आज कोणत्या उपबाजारात वजनकाटा चालू आहे, सर्पदंशावरील प्रतिविष जवळ कोणत्या केंद्रात उपलब्ध आहे, हे प्रश्न लोक आजही फोनवर एकमेकांना विचारतात. ज्या सेवेचा आरंभ अशा प्रश्नापासून होईल, जी स्वस्त फोनवर आणि तुटक नेटवर्कवर चालेल, जी ठिकाणाला तेथील लोकांनी दिलेल्या नावाने ओळखेल आणि मागेल तेवढेच स्थान काम होईपर्यंतच ठेवील, तिला ग्राहक शोधत फिरावे लागणार नाही. या बाजारपेठेचे मोजमाप करताना फोनची संख्या आणि उपग्रहांची अचूकता यांच्यासोबत स्थान देणाऱ्या माणसाचा विश्वास हेही एक माप धरले पाहिजे, कारण एकदा गमावलेला विश्वास कोणत्याही सुधारित आवृत्तीने परत आणता येत नाही.